खळ्यावरचा पिवळा पट्टा

पट्टा हवा असेल तर एडवणला ये आणि स्वतःच्या हाताने सोडवून ने, असं मी भाग्येशला कळवलं तेव्हा तो खरंच येईल असं मला वाटलं नव्हतं. त्याला वाळूत चालायला आवडत नाही. बुटात जाते म्हणे.

पट्टा म्हणजे ऑनर सोसायटीचा पट्टा. पिवळा, सॅटिनचा, त्यावर निळ्या दोऱ्याने भरलेलं सोसायटीचं नाव. पालघरच्या आमच्या कॉमर्स कॉलेजात वर्गातल्या पहिल्या काही मुलांना या सोसायटीत घेतात. अर्ज करून चालत नाही, आमंत्रणच यावं लागतं. मग एका संध्याकाळी हॉलमधले दिवे घालवून, हातात मेणबत्ती देऊन शपथ घ्यायला लावतात. व्यापारात सचोटी, अभ्यासात निष्ठा, समाजाची सेवा. शपथ झाली की गळ्यात पट्टा आणि कोटावर पिन. माझ्या शपथेला आई आली होती. बाजारातून थेट, नुसतं पातळ बदलून. तिच्या पुढच्या रांगेतल्या दोन बायका उठल्या आणि लांब जाऊन बसल्या. आईला वाटलं त्यांना पंखा हवा असेल. मला काय वाटलं ते मी कुणाला बोलले नाही, पण विसरलेही नाही.

मी भांडण उकरून काढते असं सावे सर म्हणतात. सावे सर सोसायटीचे मार्गदर्शक. म्हणू देत. त्यांचं मार्गदर्शन म्हणजे अध्यक्ष बोलला की मान डोलवायची.

अध्यक्ष भाग्येश. बोईसरचा. वडिलांचा तारापूरला एमआयडीसीत रंगांचा कारखाना. सोसायटीतल्या एकदोघांना दरवर्षी त्या कारखान्याच्या हिशेबाच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून घेतात, काम बरं असेल तर पुढे कायमही करतात. यंदा माझं नाव ठरलं होतं. ते ठरल्यापासून आई भाग्येशला शेट म्हणायला लागली, तो समोर नसतानासुद्धा. पोरगी मासळीच्या टोपलीखालून सुटली, आता एसीत बसणार, हे तिने आळीत घरोघर सांगितलं होतं. बाबा गेल्यापासून तिला आनंदाने सांगण्यासारखं एवढंच काय ते मिळालं होतं.

आता सेवेबद्दल. आमच्या सोसायटीत सेवा म्हणजे फोटो. डोंगराकडच्या पाड्यावर जाऊन म्हातारीच्या हातात चादर द्यायची आणि फोटो नीट येईपर्यंत आपल्या बाजूचं टोक सोडायचं नाही. एकदा एका आजीने चादर ओढली, कारण तिला शेतावर जायचं होतं. भाग्येश म्हणाला, जरा थांबा ना, डोळे मिटले तुमचे. मीही तिथे पट्टा घालून उभी होते. माझ्या ते डोक्यात गेलं होतं, पण तेव्हा वाटायचं, चादर तरी खरी आहे.

गणपती विसर्जनानंतर किनारा साफ करायची कल्पना निघाली आणि सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. एडवण तुझं गाव, परवानगी सहज मिळेल, असं भाग्येश म्हणाला. राज्यभरातल्या कॉलेजांची सेवा प्रकल्पांची स्पर्धा होती, त्यात हा प्रकल्प द्यायचा होता. परवानगी मिळाली. मिळणारच. किनारा साफ करतो म्हणणाऱ्याला कोण नको म्हणेल?

इथे आमच्या किनाऱ्याची एक रीत सांगायला हवी. प्रत्येक घराचं वाळूवर एक खळं असतं, म्हणजे मासळी सुकवायची जागा. पाऊस सरला की बायका वाळू ठोकून सपाट करतात आणि त्यावर जवळा, मांदेली पसरतात. या जागेचा सातबारा नसतो. जागा ठरते ती खुंटाने. दोन खळ्यांच्या मध्ये एक लाकडी खुंट, त्यावर रोवणाऱ्याच्या घरची खूण. जुन्या लुंगीची चिंधी, जाळ्याचा फुटका बोया, नाहीतर तुटकी चप्पल. खुंट रोवायचा तर दोन्ही शेजारी समोर हवेत. एकट्याने रोवला तर ती चोरी. आणि एकदा रोवलेला खुंट काढायचा तो रोवणाऱ्यानेच, तो नसेल तर त्याच्या घरच्यांनी. दुसऱ्याने उपटणं हे चोरीच्याही पलीकडचं. आमच्या आळीत भांडणात डोकी फुटली आहेत, सख्खे भाऊ कोर्टात गेले आहेत, पण कुणी कुणाचा खुंट उपटल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

आमच्या खळ्याला खेटून हिराकाकीचं खळं. काकी म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. बाबा, म्हणजे कमलाकांत, गेल्यापासून तिचा डोळा आमच्या जागेवर होता. घरात पुरुष नाही, पोरगी कॉलेजात, शकूला एवढं खळं कशाला, असं ती आईचं नाव घेऊन पाण्याच्या नळावर उघड बोलायची. जवळा पसरताना एखादं घमेलं आमच्या बाजूला सांडायची आणि हात चुकला म्हणायची. पण मधे बाबांनी रोवलेला खुंट होता, बाबांच्या निळ्या चौकड्याच्या लुंगीची चिंधी बांधलेला. त्याला तिने कधी बोटही लावलं नाही. तो खुंट होता म्हणून आईचं खळं होतं.

सफाईच्या दिवशी मला कोळगावला पाठवलं. समारोपाच्या फोटोला जिल्हा मुख्यालयातले एक साहेब हवे होते आणि मराठीत नीट बोलेल अशी मुलगी मी, असं ठरलं. साहेब मीटिंगमध्ये होते. मी कोट घालून बाकावर बसून राहिले. साहेब काही आले नाहीत. इकडे एडवणला पुरुष समुद्रात, बायका बाजारात. पावसाळ्यानंतरची खळी अजून ठोकलेली नव्हती, नुसती वाळू आणि त्यात उभे खुंट. सोसायटीच्या हुशार मुलांनी हातमोजे घालून निर्माल्य उचललं, प्लास्टिक उचललं, आणि घाणेरड्या चिंध्या बांधलेल्या सगळ्या काठ्या एकजात उपटून ट्रॉलीत टाकल्या.

मला ते कळलं संध्याकाळी. सदस्यांचा श्रमपरिहार केळव्याच्या एका रिसॉर्टवर होता, मी कोळगावहून परस्पर तिथे गेले. मधोमध शेकोटी, भोवती खुर्च्या, कणसं भाजणं चाललेलं. कुणीतरी माझ्याही हातात कणीस दिलं. मी दोन घास खाल्ले आणि आगीत निळा चौकडा दिसला. कडेने जळत आत वळत होता. शेजारी, काकीच्या पलीकडे ज्यांचं खळं त्या शांतारामकाकांचा लाल बोया वितळून पडला होता. मी पाण्याचा जग उचलून शेकोटीवर ओतला. धूर झाला, सगळे खोकले आणि मग हसले. त्यांना वाटलं मी मस्करी करतेय.

मी भाग्येशला काय झालंय ते सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेतो, हे त्याचं सगळ्यात चीड आणणारं लक्षण आहे. ऐकून तो म्हणाला, अगं, काठ्याच ना, आपण नव्या देऊ. प्लास्टिकचे पाइप आणू, वर सोसायटीचा लोगो लावू, आणि सगळे सारख्या अंतरावर एका रांगेत लावू, फोटोतही छान दिसतील. मी म्हटलं, सारख्या अंतरावर कसे लावशील, खळी सारखी नाहीत. तो म्हणाला, मग सारखी होतील, वाईट काय त्यात? सावे सरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका किनाऱ्यावर गेल्या आणि वाळूत आपापल्या खुंटाची जागा शोधू लागल्या. मग जे सुरू झालं ते थांबेना. उजवीकडून शांतारामकाकांनी काकीच्या जागेत पाऊल पुढे टाकलं, तेवढं भरून काढायला काकी आमच्या जागेत सरकली. एका अंथरुणावर दाटीने झोपलेल्यांपैकी एकाने कूस बदलली की सगळेच सरकतात, तसं झालं. सरकायला पलीकडे कुणी नव्हतं ती आई. आमचं खळं शेवटचं, त्यापुढे खडक. काकीने आमच्या अर्ध्या जागेवर जवळा पसरला आणि आईला म्हणाली, दाखव तुजा खुंट कुठं हाय.

आणि सगळ्यांचा राग माझ्यावर. त्यांच्यात तुझी पोरगी होती ना, असं दारात येऊन आईला विचारून जायच्या. नळावर माझी कळशी रांगेतून मागे सरकवली जायची. मी सांगत होते की मी कोळगावला होते. कोळगावला तर कोळगावला, पट्टा कुणाच्या गळ्यात होता? असं कुणी विचारलं की मी जास्तच तडकायचे, त्यामुळे रोज एक नवीन वैर तयार होत होतं.

मी भाग्येशकडे एकच मागणं लावून धरलं होतं. पाइप नकोत, लोगो नको. तू, सर, सगळे सदस्य एडवणला या, आळीसमोर चूक कबूल करा, म्हणजे तुमच्यावरचा राग तुमच्यावर निघेल आणि शेजारी एकमेकांसमोर बसून खुंट नव्याने रोवतील. तो म्हणाला, नक्की येऊ, पण स्पर्धा होऊन जाऊ दे. आत्ता चूक कबूल केली तर प्रकल्पाचं काय? आईने तर मला हात जोडले. शेटशी भांडू नको, जूनपासून तुला ऑफिसात जायचंय. खळ्याचं मी बघते.

स्पर्धेच्या परीक्षक बाई पुण्याहून आल्या त्या दिवशी किनाऱ्यावर जवळजवळ सगळी आळी जमली होती. बाई साध्या होत्या, चपला हातात घेऊन वाळूत चालत होत्या. भाग्येश त्यांना आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवत होता. आधीच्या फोटोत खुंट होते. बाई त्या फोटोपाशी थांबल्या. या काठ्या कशाच्या, असं त्यांनी विचारलं. भाग्येश म्हणाला, वाहून आलेलं लाकूड. बाईंनी मान वर केली आणि समोर उभ्या असलेल्या बायकांपैकी नेमकं माझ्या आईला विचारलं, की मावशी, यांनी काढून नेलं त्यात तुमच्या कामाचं काही होतं का?

आईने माझ्याकडे बघितलं. माझ्या पट्ट्याकडे बघितलं म्हणायला हवं. मग भाग्येशकडे. तिच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं आणि मी आतल्या आत नको नको म्हणत होते.

"कचराच होता सगला, बाई," ती म्हणाली. "पोरांनी बरं केलं."

काकीने क्षणही वाया घालवला नाही. तिने मागे वळून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं, "आयकलं ना? शकू सोताच्या तोंडानं बोलली. खुंट नव्हताच तिचा, कचरा होता."

आमच्याकडे चार लोकांत उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही. आईचा चेहरा उतरला. तिला हे आधीच ठाऊक होतं. खळं देऊन तिने माझ्यासाठी नोकरी विकत घेतली होती, सगळ्यांसमोर, सरळ. भाग्येशने हसून बाईंसमोर पुढचा फोटो धरला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. नुसतं त्याच्यावर नाही, आईवरही फिरलं. तिला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी एवढं स्वस्त व्हायला?

"माझी आई खोटं बोलते," मी म्हणाले. "तो खुंट होता. माझ्या बाबांनी रोवलेला. आम्ही तो उपटला आणि त्याच्यावर कणसं भाजून खाल्ली. मीही खाल्लं."

परीक्षक बाईंनी फाइल मिटली. सावे सर, वैयक्तिक कौटुंबिक वाद आहे, असं काहीतरी पुटपुटले. बाई म्हणाल्या, मला कळलं काय आहे ते, आणि चपला हातात घेऊन गाडीकडे चालू लागल्या. भाग्येश माझ्याजवळून जाताना हळू आवाजात म्हणाला की तुला घेतलं तेव्हाच लोक मला नको म्हणत होते. कुठले लोक, ते मी विचारलं नाही. पंख्याखाली जाऊन बसलेले असणार.

घरी आल्यावर आईने टोपली आपटली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी खालच्या आवाजात बोलली.

"मी खलं दिलं ते तुज्यापायी. तू खलं बी घालवलंस, नोकरी बी घालवलीस. आता बस."

मी म्हटलं, मला असली नोकरी नको होती. ती म्हणाली, मला हवी होती. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. जेवायला वाढायची, पण ताटाशी बोलल्यासारखं, जेव, एवढंच. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. मी खरं बोलले होते आणि खऱ्याने तिचं काही भलं झालं नव्हतं. काकीचा जवळा आमच्या जागेवर तसाच वाळत होता.

प्रकल्प स्पर्धेतून बाद झाला. मला सोसायटीतून काढल्याचं कळवलं, कारखान्यातून यंदा जागा नाही असं कळवलं, आणि पट्टा आणि पिन ही सोसायटीची मालमत्ता असल्याने ताबडतोब परत करावी, असंही कळवलं. मी पट्टा काढायला कपाट उघडलं तर पट्टा नव्हता.

पट्टा किनाऱ्यावर होता. उजाडता उजाडता आईने एकटीने जाऊन, कुणालाही न बोलावता, नवा खुंट रोवला होता आणि त्याला माझा पिवळा पट्टा बांधला होता. जन्मभर रीत पाळणाऱ्या बाईने सरळ चोरी केली होती. मी धावत गेले तेव्हा काकी तिच्यासमोर उभी राहून वाट्टेल ते बोलत होती. चोर, निर्लज्ज, माझा दीर असता तर त्याला लाज वाटली असती. आई खाली बसून वाळू ठोकत होती. ऐकत होती आणि ठोकत होती. काकीने कमरेवर हात ठेवले, खुंटाभोवती फेऱ्या मारल्या, त्याच्यावर थुंकण्यापर्यंत आली, पण हात लावला नाही. रोवलेला खुंट तिला उपटता येत नव्हता, मग तो कसाही रोवलेला असो.

हे असंच काही दिवस चाललं. काकी शिव्या द्यायची, आई वाळू ठोकायची. आणि मग भाग्येश आला.

दुपारची वेळ होती, बायका वाळत घातलेली मासळी उलटवत होत्या. गाडी रस्त्यावर ठेवून तो बूट सावरत वाळूतून आला. मी कागदात गुंडाळलेली पिन त्याच्या हातात दिली आणि पट्ट्याकडे बोट दाखवलं. त्याने बघितलं, आणि त्याचा तो शांतपणा पहिल्यांदा गेला. तुला याची किंमत कळते का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मला कळायला उशीर झाला, पण आता अगदी बरोबर जागी बांधलाय.

तो गाठ सोडवायला लागला. आईने मारलेली गाठ, जाळं विणणाऱ्या हातांची. ओढावी तितकी आवळते. त्याची नखं दुखली असावीत. आळीतल्या बायका हातातलं काम टाकून बघत उभ्या राहिल्या. कुणीही पुढे आलं नाही. आई उठून उभी राहिली, पण तिला बोलायला तोंड नव्हतं. खुंट चोरीने रोवलेला होता. शेवटी भाग्येशने वैतागून खुंटालाच दोन्ही हातांनी धरलं आणि हलवायला लागला. पट्टा पुढे सोडवता येईल, आधी काठी काढू, असा त्याचा विचार.

मी काकीकडे बघितलं. तिला काहीच करायचं नव्हतं. परक्या पोराने खुंट उपटला तर पाप तिच्या माथी नाही, आणि खळं तिचं. ती नुसती गप्प राहिली असती तरी पुरे होतं. ती घमेलं धरून उभी होती. खुंट हलायला लागला होता, बुंध्याशी वाळू भुसभुशीत झाली होती. मी पुढे झाले, पण माझ्याआधी काकी पोचली.

"हात काड," ती म्हणाली. "तुज्या बापाने रोवलाय काय तो?"

भाग्येश म्हणाला, मी फक्त आमचा पट्टा नेतोय. काकीने हातातलं ओलं घमेलं खुंटापाशी वाळूवर आदळलं, त्याच्या बुटांवर जवळ्याचं पाणी उडालं. एकदा उपटलंत तेवढं पुरे झालं, असं ती म्हणाली. तुमच्यामुळे त्या शांतारामने माझं खाल्लं, आणि मी हिचं खाल्लं. आता आमचं आम्हाला बघू दे. शांतारामकाकांची बायको पलीकडून, कुणी कुणाचं खाल्लं ते मागाहून बोलू, असं ओरडली, पण तीही घमेलं घेऊन पुढे आली. भाग्येशने हात काढला. पिनेची पुडी मुठीत धरून तो गाडीकडे गेला, वाटेत थांबून थांबून बूट पुसत.

तो गेल्यावर काकी आईकडे वळली. तिच्या आवाजात मऊपणा बिलकूल नव्हता.

"हा खुंट माज्या जागंत आलाय, शकू. संध्याकालला शांतारामला बोलवते. तिगं समोर बसू आन नव्यानं रोवू. पन हा चोरीचा आदी तू काडायचास. तुज्या हातानं, सगल्यांदेखत."

"काडीन," आई म्हणाली. "पट्टा मातर नव्या खुंटाला बांदीन. खूण माज्या घरची हाय."

काकीने नाक मुरडलं आणि आपला जवळा आमच्या बाजूचा आपल्याकडे ओढायला लागली, जितका ओढायला हवा होता त्यापेक्षा बराच कमी. आईने ते पाहिलं. मग इतक्या दिवसांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"उभी काय राहिलीस," ती म्हणाली. "घमेलं आण."